नोकरीचे कपडे आणि हळदीचं बोट

शुद्धलेखन माझं कच्चं आहे. चौथीत शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मी अंदाजानं देते. अक्षर तर असं की किराण्याची यादी लिहून दिली तर दुकानदार ती माझ्याकडूनच वाचून घेतो. हे कुणाला दाखवायचं नाही. तरी चुकून कुणाच्या हातात पडलंच तर आधीच माफी मागून ठेवते.

पंधरा-सोळा वर्षं मी शाळेच्या गणवेशाच्या कारखान्यात काजं-बटणाचं काम केलं. शेठनी तो धंदा बंद केला आणि मी घरी बसले. मग गल्लीतल्या एकीच्या ओळखीनं कातडीच्या डॉक्टर मॅडमच्या दवाखान्यात काम लागलं. पेशंटला आत न्यायचं, फाईल टेबलावर ठेवायची, मधे कुणाला पाणी पाहिजे असलं तर द्यायचं. काम सोपं होतं. अट एकच होती.

"मावशी, साडी नको," मॅडम म्हणाल्या. "पदर सारखा फायलीत अडकतो. कुर्ता-पँट घाला. फिके रंग, साधे, नीटनेटके. महिनाभरात करा, गडबड नाही."

मी आयुष्यात असलं काही घातलं नव्हतं. लग्नाआधी परकर-पोलकं, लग्नानंतर साडी. नवी पेठेत दुकानं पुष्कळ आहेत, पण पडद्यामागं जाऊन पँट घालून बघायची, मग बाहेर येऊन त्या पोरांसमोर उभं राहायचं, हे मला जमणारं नव्हतं. मी सुनेला तसं सांगितलं.

सून झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. हुशार आहे, मोबाईलमधलं तिला सगळं येतं. तिनं शोधून काढलं की एक कंपनी आहे, ती आपल्याला प्रश्न विचारते, मापं घेते आणि आपल्याला शोभतील असे नोकरीचे कपडे निवडून खोक्यातून घरी पाठवते. दर तीन महिन्यांनी खोका येणार. नको असेल तर बंद करायचं.

"घरातल्या घरात घालून बघायचं, आत्या. कोन बघनार न्हाई."

मला तेवढंच पाहिजे होतं.

संध्याकाळी ती मोबाईल घेऊन माझ्यासमोर बसली आणि प्रश्न वाचून दाखवायला लागली. खांदे रुंद का अरुंद. पोट दाखवायचं का झाकायचं. मी म्हटलं, दाखवायचं कशाला? ती हसायला लागली. पुढचा प्रश्न होता, ऑफिसात लोकांनी तुमच्याकडे बघून काय म्हणावं असं वाटतं?

"बघूच नये म्हनावं," मी म्हटलं.

आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, सुताच्या गोडाऊनवर वॉचमन आहेत. ते डबा घेऊन निघालेच होते. दारातनं म्हणाले, "लिही की, डॉक्टरीन वाटली पायजे. पेशंट हिच्याच पाया पडले पायजेत."

"जावा तुमी," मी म्हटलं.

दोन दिवसांनी कंपनीतल्या एका मुलीचा फोन आला. कपडे निवडायचं काम तिचं. हिंदीत बोलत होती, आवाज गोड होता. सूनच तिच्याशी बोलली, मी शेजारी बसून मान हलवत होते, जशी काही ती मला बघतच होती.

पैशाचं असं होतं की खोक्याचे सगळे पैसे आधी कापले जाणार आणि जे परत पाठवू त्याचे परत येणार. माझ्या खात्यात काहीच नव्हतं. सुनेनं स्वतःचं कार्ड दिलं. तिच्या खात्यातले पैसे पार्लरच्या कोर्सच्या फीचे होते. वर्षभर पगारातनं बाजूला काढून तिनं ते जमवले होते, कोर्स सुरू व्हायला तीन आठवडे होते. ती म्हणाली, "तवर परत येतील की. तुमी एक जोड ठेवा, बाकीचं पाठवून देऊ." हे तिनं मला सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं.

खोका आला तेव्हा मी घरी एकटी होते. आत पातळ कागदात गुंडाळलेले कपडे होते. तीन कुर्ते, दोन पँटी आणि एक बिनबाह्यांचं जाकीट. मी एकेक उलगडून बाजेवर मांडलं. शिवण बघितली, काजं बघितली. काम चांगलं होतं. मग मी उठले, देवापुढच्या करंड्यातली हळद वाटीत घेतली, दोन थेंब पाणी घातलं आणि प्रत्येक कपड्याला एकेक बोट लावलं.

आमच्यात नवं कापड घरात आलं की हळदीचं बोट लावल्याशिवाय कपाटात जात नाही. माझ्या सासूबाई टॉवेलालासुद्धा लावायच्या. मीही इतकी वर्षं लावत आले. पोरांच्या गणवेशाला लावलं, मालकांच्या वॉचमनच्या ड्रेसला लावलं. दिसू नये म्हणून आतल्या बाजूनं, शिवणीपाशी लावते. त्या दिवशीही तसंच लावलं. हात आपोआप चालला. परत पाठवायचं कापड अजून आपलं झालेलं नसतं, हा विचार मनात आलाच नाही.

सून आल्यावर आम्ही दार लावून घेतलं. मी पहिल्यांदा पँट घातली. पाय वेगवेगळे झाल्यासारखं वाटलं. खोलीत चार फेऱ्या मारल्या, खाली बसून बघितलं, उठून बघितलं. सून म्हणाली, "आत्या, लई भारी दिसतंय. सरळ हुबं रावा की, वाकताय कशाला?" फिका निळा कुर्ता आणि राखाडी पँट आम्ही ठेवून घेतली. जाकीट घातल्यावर मात्र दोघी इतक्या हसलो की शेजारणीनं दार वाजवलं. उरलेलं तिनं नीट घडी घालून खोक्यात भरलं. आतली बाजू तिनं बघितली नाही आणि माझ्या काही लक्षात आलं नाही. कंपनीचा माणूस येऊन खोका घेऊन गेला.

आठवड्यानं सून दुकानातनं आली ती चप्पल न काढताच माझ्यासमोर मोबाईल धरून उभी राहिली. फोटोत कुर्त्याची आतली शिवण होती आणि पिवळ्या ठिपक्याभोवती लाल गोल काढला होता.

"आत्या, हे काय हाय?"

"हळद हाय की."

"कुनी लावली?"

"मीच. नव्या कापडाला लावत्यात."

ती आधी हसली. "कंपनीला पन हळदीकुंकवाला बोलवायचं का आता?" मग खाली लिहिलेलं वाचायला लागली आणि हसायची थांबली. कपडे डागाळलेले आहेत, वापरलेले धरले जातील, पैसे परत मिळणार नाहीत, कपडे तुम्हालाच परत पाठवत आहोत.

तिनं त्या गोड आवाजाच्या मुलीला फोन लावला. हा डाग नाही, आमची पद्धत आहे, अजून कुणी अंगात घातलेलं नाही, असं समजावून सांगितलं. घालून बघितलेलं तिनं सांगितलं नाही. ती मुलगीही वाईट नव्हती. तिला कळलं असावं, पण नियम नियम आहे म्हणाली. पुढचे खोके बंद करायला सांगून सुनेनं फोन ठेवला. भाकरी करायला बसली.

चार कपड्यांचे मिळून सहा हजार गेले होते. ठेवून घेतलेल्या जोडाचे दोन हजार वेगळे, ते मी पगारातनं देणारच होते. म्हणजे आठ हजार तिचे माझ्याकडे. फीची तारीख गेली. पार्लरवाल्या बाईनं तिची जागा दुसरीला दिली आणि पुढचा कोर्स दिवाळीनंतर आहे असं सांगितलं.

सून मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. "आत्या, चा घ्या," "आत्या, गॅस बंद करा," एवढंच. पूर्वी दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवायची, ते बंद झालं. माझा मुलगा टेम्पो चालवतो, टेंभुर्णीकडं फळं नेतो. त्याला तिनं काही सांगितलं नाही, मीही नाही. त्याचा टेम्पोचा हप्ता असतो, आणि तो ओरडला असता ते तिच्यावरच ओरडला असता, कार्ड का दिलं म्हणून.

कपडे परत आल्यावर मी ते उन्हात टाकले. हळद उन्हानं उडते. दोन दिवसांत ठिपके गेले, पण आता त्याचा उपयोग नव्हता. मग मी ते घालायला लागले. दवाखान्यात रोज नवा कुर्ता. मॅडम म्हणायच्या, "वा मावशी, काय छान निवड आहे!" मी मान खाली घालायची.

एकदा करकंबचे एक म्हातारे बाबा आले. मी त्यांना आत न्यायला उभी राहिले तर त्यांनी मलाच वाकून नमस्कार केला आणि बाही वर करून चट्टा दाखवला.

"बाई, लई खाजतंय बगा. ह्यो मलम रातच्याला लावू का सकाळी?"

"मी डॉक्टर न्हाई, बाबा."

"असं व्हय? मग इतकं झ्याक कापड कशाला घातलंय?"

काऊंटरवरच्या मुलीला हसू आवरेना. मालकांना घरी सांगितलं तर ते म्हणाले, "मी म्हनलं न्हवतं? फी मागायची की!"

घरभाडं आणि किराणा गेल्यावर माझ्या पगारात हजाराच्या आसपास राहायचं. पगार झाला की ते मी सुनेच्या हातात द्यायची. ती "राहू द्या" म्हणायची नाही, आणि ते मला बरं वाटायचं. तिचे होते ते. जाकीट काऊंटरवरच्या मुलीनं हजाराला घेतलं, तेही सुनेलाच दिले. तिला ते खरंच शोभलं. पण गणपती आले तरी निम्मेच फिटले होते. असंच चाललं असतं तर दिवाळीनंतरचा कोर्सही गेला असता. पार्लरवाल्या बाईचा फोन आला की सून उठून बाहेर जाऊन बोलायची.

मॅडम महिन्यातले दोन-तीन रविवार गावोगाव तपासणीला जातात. काऊंटरवरच्या मुलीला सोबत नेतात, त्याचे वेगळे पैसे देतात. तिला रविवार नको असायचा, सारखी कुरकुर करायची. मला हे माहीत होतं. पण मी कधी कुणाला काही मागितलेलं नाही. कारखान्यात पगार कमी आला तरी मी विचारायची नाही. बाकीच्या बायका भांडून आणायच्या, त्यात माझाही यायचा. चार दिवस मी फाईल ठेवायला आत जायची आणि तशीच बाहेर यायची. पाचव्या दिवशी फाईल ठेवूनही तिथंच उभी राहिले.

मॅडमनी वर बघितलं. "काय हो मावशी? काम सोडताय की काय?"

"न्हाई मॅडम. रविवारी मी येऊ का? तिच्या जागी."

"तुम्ही? गर्दी असते, ओरडून नंबर पुकारावे लागतात. तुमचा तर आवाजच ऐकू येत नाही."

"पुकारते की," मी म्हटलं. तेही त्यांना ऐकू आलं नाही. मी परत म्हटलं.

त्या हसल्या. "बरं, येत्या रविवारी वेळापूर आहे. सकाळी सातला इथं या."

वेळापूरला पहिला तासभर माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला नाही. लोक "काय म्हनतीय ती?" असं विचारत होते. मग एक बाई माझ्यावरच खेकसली, "आगं बाई, वरड की! घरात नवऱ्यावर वरडत न्हाईस का?" सगळे हसले, मीही हसले. त्यानंतर आवाज निघाला. घरी आले तेव्हा घसा बसला होता. सुनेनं न विचारता गरम पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "आत्या, तुमी आन वरडला? मला बगायला पायजे हुतं." पुष्कळ दिवसांनी ती असं बोलली.

दिवाळीपर्यंत जमतील तेवढे रविवार मी गेले. दिवाळीचा पगार आणि रविवारचे पैसे हातात आले त्या संध्याकाळी सून ओट्यापाशी कांदा चिरत होती. मी नोटा तिच्यापुढं ठेवल्या.

"हे शेवटचं."

"सनाचं सामान आनायचं हाय की अजून."

"त्याला मालकांचा बोनस हाय. तू मोज."

तिनं हात पुसले, अंगठ्याला थुंकी लावून नोटा मोजल्या आणि एक नोट बाजूला काढून माझ्याकडं सरकवली. "शंभर जास्त हायत."

मी ती शंभराची नोट घेतली. बाकीच्या तिनं पर्समध्ये ठेवल्या, केस बांधले आणि मला म्हणाली, "कांदा तेवढा परता, मी फी भरून येते. बाई पार्लर आठला बंद करते." ती गेली. मी कढई ठेवली. तिचे आठ हजार त्या दिवशी पूर्ण फिटले.