रुंदावलेल्या पाटातलं फूल

रस्त्याच्या मोरीखालच्या अरुंद जागेतून पाटाचं पाणी सरळ, सुसाट जातं. पुढे पाट रुंदावतो, तिथे मात्र ते अडखळतं. समोरून दाब वाढतो, काठाला घासून आधीच दमलेलं पाणी मागे वळू पाहतं, आणि भोवरे उठतात.

कालच्या पूजेची फुलं पाण्यात सोडताना बायको म्हणाली, "शाळेत शिकवत होते तोवर घंटेवर दिवस जायचा. आता मोकळी झाले, तर नुसता गोंधळ."

मी पाण्याकडे पाहत होतो. तिची जास्वंद काठाशी गिरक्या घेत होती. पण मधल्या धारेचा जोर काठापर्यंत आणतात ते हे भोवरेच. नाहीतर काठचं पाणी तिथेच थांबलं असतं. एका गिरकीत जास्वंद धारेत ओढली गेली.

"लागली बघा मार्गाला," असं म्हणून तिने परडी झटकली आणि माझ्यापुढे चालू लागली.