पाळीच्या वहीत नसलेलं

"काका, तुम्ही मागे बसा. पुढच्या खुर्च्या लीडर्ससाठी आहेत."

हे मॅनेजरसाहेबांचा भाचा म्हणाला. जागा बडोद्याच्या गोत्री भागातल्या एका हॉटेलचा हॉल. भिंतीवर फलक : उद्याच्या कामासाठी उद्याचे नेते. निवडलेल्या बारा जणांत माझं नाव आहे, असं साहेबांनी सांगितलं होतं. नव्हतं. मागे बसलो.

बाजव्याकडच्या रसायनांच्या कारखान्यात मी बावीस वर्षं पाळीप्रमुख. सहा महिन्यांपूर्वी साहेब घरी आले. म्हणाले, "आपण बडोद्याची मराठी माणसं. नव्या कॉम्प्युटरला काम शिकवा. नवी टीम तुमच्याच हाताखाली देतो." त्यांचे पणजोबा संस्थानात अधिकारी, माझे फौजेत शिपाई. साहेब आमच्याकडे चहा प्यायले, याचंच आईला अप्रूप. मी विश्वास ठेवला.

पाळीच्या वह्या दिल्या. एक गोष्ट तोंडी सांगितली. वहीत आम्ही 'सब बराबर' लिहितो. दोष लिहिला की लिहिणाऱ्यालाच नोटीस. खरं काय ते पाळी बदलताना, मशीनपाशी दहा मिनिटं उभं राहून पुढच्याला सांगतो. तीन नंबरचा पंप तापतो, हे कुठल्याच वहीत नाही.

"घेतो ते त्यात," साहेब म्हणाले होते.

आता हॉलच्या पडद्यावर आमच्या वह्या आल्या. खाली भाच्याचं नाव. साहेब गुजरातीत म्हणाले, "बधुं आवी गयुं. हवे शिफ्ट इन्चार्जनी जरूर नथी." सगळं आलं, आता पाळीप्रमुख नको. टाळ्या.

चहाच्या वेळी त्यांनी कागद पुढे केला. वह्यांतली माहिती पूर्ण आहे, असं त्यावर छापलेलं.

"साहेब, तीन नंबरचा पंप?"

"तुम्ही अनुभव दिलात, काका. नेतृत्व वेगळं असतं. करा सही."

मराठीत बोलले. हळू. घरच्यासारखं.

त्या पंपाशेजारी माझी सहा माणसं काम करतात. मी 'पूर्ण'वर काट मारली. लिहिलं : अपुरी आहे. साहेबांना माहीत आहे. मग सही केली.

दुसऱ्या दिवशी सहाही जणांना सांगितलं, तोंडी सांगता ते वहीत लिहा. नावासकट.

"काका, तमे तो लीडर थई गया," त्यांतला रमेशभाई म्हणाला. सगळे हसले. मी नाही.

पंप बंद केला. कारण लिहिलं, वेळ लिहिली. नोटीस यायची आहे. आली की उत्तरात हेच लिहीन. साहेबांच्या नावासकट.