काचेवरच्या दोन टिकल्या

टाकी घरी आली तवाच मी भेली होती. आमच्या घरचे, म्हंजे माह्या पोरीचे बाबा, ट्रक चालवतेत, वाडीच्या एका ट्रान्सपोर्टवर. सदर भागातल्या एका ऑफिसातलं सामान दुसऱ्या गावी न्याचं होतं, ते भराले हे गेलते, तं तिथल्या साहेबानं म्हतलं का ही माशांची टाकी आमाले नाई न्याची, तुले पाह्यजे तं ने. मंग काय, यायले तं पाह्यजेच होती. पाच फूट लांब काच, मानसायनं आडवी धरून दारातून आत आनली, अन् मी पोरीले कडेवर घट्ट धरून भिंतीले चिकटली. डोक्श्यात एकच, हे फुटन तं माह्या पोरीच्याच अंगावर फुटन.

"कायले आनली बाप्पा एवढी?"

"तुह्यासाठी आनली वं. मी नसलो का घर खाले उठते म्हनते ना? घे, सोबत झाली."

सोबत पाह्यजे होती हे खरं हाये. हे निघाले का कधी रायपूर, कधी हैदराबाद, चार दिवस म्हनतेत अन् दहा लागतेत. सासू उमरेडले मोठ्या पोराकडं राह्यते. सासरे मी यायच्या आधीच वारले. घरात मी अन् माही पोरगी, ते बी अजून बोलत नाई, नुस्तं बा बा करते. पन मी सोबत म्हतली होती, मासे थोडीच म्हतले होते.

घर सक्करदऱ्याकडं, जुनं. सासरे हातमागावर लुगडे विनत होते म्हनतेत. मी आली तवा माग नव्हता, त्या लांब खोलीत टाइल्स लागल्या होत्या, अन् आमी तिथंच झोपतो. यायनं म्हतलं याच खोलीत टाकी ठेवू, झोपल्या झोपल्या मासे दिसन.

ते दिवस मात्र मले आठवतेत. गाडी दुरुस्तीले लागली होती म्हनून हे घरीच होते. वाडीले ट्रकची बॉडी बनवतेत त्या दुकानातून लोखंडी अँगलचा स्टँड वेल्डिंग करून आनला, चार पाय, मधात आडव्या पट्ट्या, अन् अंगनात ठेवून काळा रंग मारला. पोरीनं रंगात हात घातला अन् तोच हात माह्या तोंडाले लावला, तं हे किती हासले. मंग खोलीच्या कोपऱ्यात प्लायचा आडोसा केला, पानी फिरवाची मोटर, पाइप, वायरी सगळ्या त्याच्या मांगं, पोरीच्या हाताले काही लागाले नको म्हनून बटनाचा बोर्ड पार वरती. बाहेर मोरीकडं पाइप काढाले भिंतीले भोक पाडलं. मी प्लाय धरून उभी, हे स्क्रू पिळून राहिले.

"नीट धर वं, हात कापून राहिला का तुहा?"

"जड हाये."

"प्लाय जड नाई, तू हलकी हायेस. जेवत जा ना काही."

असं कोनी मले म्हतलं नव्हतं कितीक दिवसात. हात दुखून राहिले होते पन मले वाटे हा आडोसा लवकर होऊच नये.

स्टँडवर प्लाय, प्लायवर थर्माकोल, थर्माकोलवर टाकी. यायनं लेव्हलची पट्टी ठेवून चारी बाजूनं पाह्यलं, बरोबर. मंग पाइप लावून पानी भरलं. पानी चढे तशी मी पोरीले घेऊन मांगं सरके. मी इचारलं, "एवढं वजन, खचनार नाई ना?"

"तू तं फुग्यालेही भेते," हे म्हने. "लोखंड हाये ते."

मासे मात्र लगेच आनाचे नाई म्हने, दुकानवाल्यानं सांगितलं का आधी नुस्तं पानी फिरू द्या, पानी पिकाले पाह्यजे, नाई तं मासे मरतेत. अन् तेवढ्यात वाडीवरून फोन आला का गाडी तयार हाये. हे निघाले. जाताना म्हने, "मोटर बंद करू नको, मी आलो का मासे आनू."

मंग मी, पोरगी अन् बिन माशांची टाकी. मोटरची दिवसभर घरघर. आधी घर चूप राहे तं भेव लागे, आता घरघरीचं भेव. पोरगी नुकतीच धरून धरून उभी राहाले लागली होती, तिले त्या स्टँडच्या आडव्या पट्ट्या लय आवडल्या, तिथंच जाऊन उभी राहे, काचेले जीभ लावे. मी ओढून आनली का पुन्हा तिथंच.

एका सकाळी मी झाडून राहिली होती तं माही नजर पान्याच्या वरच्या काठावर गेली. आडोशाकडच्या बाजूले वरती कोरडी काच जास्त दिसे, दुसऱ्या टोकाले खिडकीकडं कमी. म्हतलं काच वाकडी असन. मी काही शिकली नाई लय, आठवीत शाळा सुटली, मले कोन काय इचारन. पन मन लागेना. मंग कपाळाची टिकली काढली अन् पान्याच्या बरोबर काठाशी एका बाजूले लावली, पाकिटातली दुसरी दुसऱ्या बाजूले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीले चारून आली अन् पाह्यलं. खिडकीकडची टिकली पान्यात बुडली होती. आडोशाकडची वरती कोरडी.

पोरगी पट्टी धरून उभीच होती, तिले झटकन उचलली, दुसऱ्या खोलीत नेली, अन् यायले फोन लावला. दोनदा लागला नाई, तिसऱ्यानं लागला, मांगं ट्रकचा आवाज.

"अहो, टाकी एकीकडं कलून राहिली."

"काय?"

"पानी एकीकडं कमी झालं."

"अवं, हवेनं उडते पानी. टाक बाल्टीभर."

"पन दुसरीकडं चढलं ना. टिकली बुडाली."

"कोनती टिकली?" मंग हे हासले. "टिकल्या लावत बसली का? पानी कधी चढत असते का वं? गाडी चालवून राहिलो, ठेव."

मी फोन हातात धरून उभी. शेजारचे लग्नाले गावी गेलते, दाराले कुलूप. कोनाले बोलवू? मंग उमरेडले लावला. सासूशी मी जास्त बोलत नाई, त्या बी नाई बोलत, जेवली का, पोरगी बरी का, एवढंच. मी एका दमात सगळं सांगितलं.

त्यायनं सगळं ऐकून घेतलं. मंग म्हने, "टाकी कुठी ठेवली वं?"

"लांब खोलीत, खिडकीजवळ."

"अवं माय! तिथं तं माग होता."

"माग तं काढला ना आई."

"माग काढला, खड्डा कुठी जाईन? पाय सोडून बसाचा खड्डा होता, कंबरेएवढा. तुह्या सासऱ्यानं राखड अन् माती टाकून बुजवला, वरून टाइल्स लावल्या. तिथं मी कधी गव्हाची कोठी नाई ठेवू दिली."

"मंग आई, तुमी सांगितलं काहून नाई?"

"मले कोनी इचारलं का?" त्या म्हने. रागानं नाई म्हतलं, पोळ्या झाल्या म्हनाव्या तसं म्हतलं. "पोरगी कुठी हाये?"

"झोळीत टाकते."

"टाक. अन् पानी काढ. आधी बटन बंद कर."

पोरीले झोळीत टाकली, दाराची कडी बाहेरून लावली, तिनं रडाले सुरू केलं. मी बटन बंद केलं. पाइप एकीकडून पान्यात घातला अन् दुसरं टोक भोकातून बाहेर मोरीकडं काढलं. ट्रकातून डिझेल काढताना यायले पाह्यलं होतं, तोंडानं ओढतेत. बाहेर जाऊन ओढलं, हवाच आली. पुन्हा ओढलं. छाती फुटाले आली, डोळ्यासमोर काळं झालं, अन् मंग तोंडभर पानी आलं अन् पाइप धो धो वाहाले लागला.

आत आली तं पोरगी रडून रडून घोगरी झालती. पन टाकी सोडून जाववेना, पाइप निसटला तं? मी टाकीसमोर उभी राहिली, अन् स्टँडच्या खिडकीकडच्या पायाखाली टाइल कट्‌ वाजली. तिथून पळावंसं वाटे. पन मी पळली तं हे पानी तसंच राहीन, अन् रात्री आमी तिथंच झोपनार. मी पाइप धरून उभी राहिली अन् पोरीले जोरात आवाज देत राहिली, "हाये वं मी, हाये, हाये." कोनाले सांगत होती कोन जाने.

दिवे लावाच्या आधी पानी बुडाशी गेलं. राहिलेलं लोट्यानं काढलं. सासूचे तीन फोन येऊन गेलते.

काही दिवसानं हे आले तं दारातूनच ओरडले, "पानी कुठी गेलं? पिकलं होतं ना वं ते!" मी टिकल्या दाखवल्या. मंग यायले टाइलवर लोखंडी सब्बल आपटाले लावली. एकीकडं ठक्‌, एकीकडं ढब. हे पुन्हा पुन्हा आपटून पाहे, ठक्‌, ढब, अन् तोंड उतरत गेलं.

टाकी बाजूले केली, टाइल्स उचकल्या. खाली राखड, भुसभुशीत. दोन दिवस घमेल्यानं काढली तं खड्डा निघाला, काठ झिजून गुळगुळीत झालेला. हे काठावर बसले अन् आत पाय सोडले. "बाबा असेच बसत," म्हने. "मी खाली लपत होतो, त्यायच्या पायाशी. इसरूनच गेलो गा." गा तं मानसाले म्हनतेत; ते माह्याशी नाई, स्वतःशीच म्हतलं. मी बाजूले बसली, पाय सोडले, पोरीले मांडीवर घेतलं. तिले लय मजा आली. तिघं जन तसेच बसलो.

मंग गिट्टी सिमेंट आलं अन् खड्डा भरला. वाळल्यावर टाकी पुन्हा चढवली, पानी भरलं. हे टिकल्या काढू लागले तं मी म्हतलं राहू द्या. यायनं राहू दिल्या. मासे आले, पिवळे अन् दोन काळे. अन् वाडीवरून फोन आला, हे निघाले.

मासे सुंदर हायेत, पन ते बोलत नाईत. मी रोज झाडताना आधी टिकल्या पाह्यते, मंग पोरीले तिकडं जाऊ देते.

अन् आताशा दुपारी उमरेडहून फोन येते. जेवली का, पोरगी बरी का, अन् मंग, "टिकल्या?"

"बरोबर हायेत आई."

त्याच्यापुढं आमाले दोघींले काही सुचत नाई. मोटर घरघर करत राह्यते, ते त्यायले तिकडं ऐकू येते म्हनतेत. फोन त्या ठेवत नाईत. मी बी ठेवत नाई.