मोजे घातलेली लेझीम

इथे परदेशात, वुडलँड्स नावाच्या भागात, आमच्या घराजवळ एक निसर्ग उद्यान आहे. तिथे दरवर्षी शिंजिराचा उत्सव भरतो. शिंजीर म्हणजे अंगठ्याएवढा, वाकड्या चोचीचा, फुलांतला मध पिणारा पक्षी. त्याला बघून निम्मे लोक "हमिंगबर्ड, हमिंगबर्ड" म्हणून ओरडतात. मग तिथले स्वयंसेवक समजावून सांगतात, की हमिंगबर्ड इकडे नसतो, तो तिकडे अमेरिकेत. पहिल्या वर्षी मीही ओरडलो होतो. त्यामुळे पक्षी दाखवायला मला तिथे कोणी बोलावणं शक्यच नव्हतं. मी गेलो होतो लेझीम खेळायला.

हे प्रकरण घडलं माझ्या थापेमुळे. माझे वडील, अण्णा, साताऱ्याकडच्या एका शाळेत कवायतीचे मास्तर होते. त्यांची लेझीम पंचक्रोशीत प्रसिद्ध. मी पाचवीत असताना प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी त्यांनी मला, म्हणजे स्वतःच्या पोराला, सगळ्यांसमोर रांगेतून बाहेर काढलं आणि झेंड्याची दोरी धरायला उभं केलं. "दोरीला ताल लागत नाही," म्हणाले. तो अपमान मी आजवर गिळलेला नाही. इथे आम्ही सहा मराठी जोडप्यांनी गणपतीसाठी लेझीम पथक काढलं, तेव्हा मी लगेच फोन करून सांगितलं, "अण्णा, मी पहिल्या रांगेत असतो. म्होरक्याच म्हणा ना!" खरं तर मी शेवटच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला असायचो. चाळीस दिवसांसाठी अण्णा आमच्याकडे आले आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "कधी दाखवतोस?"

त्या चाळीस दिवसांत कार्यक्रम एकच होता, शिंजिराचा उत्सव. मी हातापाया पडून पथकाकडून म्होरकेपण मिळवलं. उद्यानाचा फॉर्मही मीच भरला. 'वाद्य' या रकान्यात लिहिलं, 'व्यायामाची लाकडी काठी'. 'आवाज' या रकान्यात लिहिलं, 'किरकोळ'. काठी लाकडीच असते, यात काही खोटं नाही. तिला लोखंडी साखळी आणि चकत्या असतात हे लिहायला रकान्यात जागा नव्हती.

उत्सवाच्या दिवशी आम्ही इथल्या शिंजिरासारखे पिवळे कुडते घालून गेलो. म्होरक्या म्हणून माझ्या एकट्याच्या गळ्यात निळं उपरणं होतं. उद्यानाची व्यवस्था बघणाऱ्या एक चिनी बाई, साठीच्या, टोपीवर पिसं खोचलेल्या, हसत पुढे आल्या. मी नमुना म्हणून लेझीम एकदा झणकावली. बाईंचं हसू गेलं.

"कॅनॉट लाह! सो लाऊड! मदर बर्ड रन अवे, हाऊ?"

त्यांनी बोट केलं तिकडे, आमच्या जागेपासून दहा पावलांवर, एका फांदीला पेरूएवढं घरटं लोंबकळत होतं. त्याच्या भोकातून एक चोच आमच्याकडे बघत होती. म्हणजे हलगी नाही, शिट्टी नाही, आरोळी नाही. मला आतून हायसं वाटलं. चला, सुटलो! मी चेहरा पाडून अण्णांकडे वळलो, "नाइलाज आहे हो, अण्णा."

अण्णा घरट्याकडे बघत होते. मग त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं.

"मोजे काढा," ते म्हणाले. "सगळ्यांनी."

बारा जणांनी बाकांवर बसून मोजे काढले. चकत्यांभोवती ते गुंडाळायचे असं ठरलं. बांधायला रबरबँड हवे होते. स्वयंसेवकांच्या नाश्त्याला नासी लेमाकच्या पुड्या आल्या होत्या, त्यांचे रबरबँड माझ्या लेकीने गोळा करून आणले. त्यामुळे लेझमींना पायाचा वास आणि वर नारळाच्या भाताचा वास, असा दुहेरी घमघमाट सुटला. अण्णांनी एक लेझीम नाकाजवळ नेली आणि तत्काळ हात लांब केला. जिने हयातभर गाव दणाणून सोडलं त्या लेझमीला मोजे घातलेले बघून त्यांना काय वाटलं असेल, हे मी विचारलं नाही.

ताल द्यायला अण्णाच समोर उभे राहिले. ज्यांची आरोळी तीन गल्ल्या पलीकडे ऐकू जायची, ते नुसते ओठ हलवून एक, दोन, तीन, चार मोजू लागले. आम्ही सुरू झालो. फुस, फुस, फुस, फुस. दुसऱ्या चालीलाच माझं पितळ उघडं पडलं. एरवी आवाजात माझी उशिराची झणक कुणाला कळत नसे. आता आवाजच नव्हता, नुसते पाय दिसत होते, आणि अकरा पाय डावीकडे जात असताना एक पाय उजवीकडे जात होता.

"आजोबा, बाबा राँग साइडला गेला लाह!" लेकीने इथल्या ढंगात जाहीर केलं.

मी घाईने वळलो तो शेजारी बायको. माझी लेझीम तिच्या कोपरावर बसली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पाठ फिरवून पुढची चाल केली. मी वाकलो तेव्हा सगळे उठले, मी उठलो तेव्हा सगळे वाकले. लोक फिदीफिदी हसू लागले. तेवढ्यात चिनी बाईंना काहीतरी उमगलं, आणि त्या हळू आवाजात पण मोठ्या आनंदाने लोकांना सांगू लागल्या, "सी, सी, ब्लू नेक वन इज द मेल बर्ड! डान्सिंग डान्सिंग, बट फीमेल डोन्ट केअर!"

मग काय विचारता! मुलं माझ्यासारखी चुकीची पावलं टाकायला लागली. शेवटी टाळ्याही हाताला हात न लावता, हवेत बोटं हलवून पडल्या. घरट्यातली चोच जागची हलली नव्हती.

अण्णा बाकावर जाऊन बसले होते. मी शेजारी बसलो. बराच वेळ त्यांनी आपल्या मांडीवरच्या लेझमीचा मोजा नीट केला. त्याला अंगठ्याजवळ भोक होतं. तो माझाच होता.

"पाचवीत काढलं तेव्हा तू एवढा चुकत नव्हतास," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "मग काढलंत कशाला? सगळ्या शाळेसमोर? दोरी धरून उभा होतो मी, अण्णा! रडत होतो!"

"दिसत होतं मला."

"मग?"

"तू माझा मुलगा होतास," अण्णा म्हणाले. "दुसऱ्या कुणाचा असतास तर ठेवलं असतं."

खूप राग आला होता आणि तो कुठे ठेवावा कळत नव्हतं. अण्णांनी लेझीम माझ्या हातात दिली आणि उठले. "उद्या सहाला खाली ये."

खाली म्हणजे आमच्या इमारतीच्या खालची मोकळी जागा, व्हॉइड डेक. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही दोघंच तिथे उभे होतो. वर लोक झोपले होते, म्हणून मोजे तसेच ठेवले. अण्णा कुजबुजत मोजू लागले. एक, दोन, आणि तीनला माझा पाय उजवीकडे गेला. मी थांबलो, मान खाली घातली. आता दोरी धरायला सांगतील, असंच वाटलं.

"पुन्हा," अण्णा म्हणाले.

पाय पुन्हा चुकला, तेव्हा ते पुन्हा तेच म्हणाले. परत जायच्या दिवसापर्यंत रोज सकाळी ते एवढंच म्हणत राहिले. पाचवीत मला फक्त एवढंच ऐकायचं होतं.