फक्कीच्या रेषेबाहेरून

परवा जोयड्याच्या मैदानावर कुणीतरी फक्कीनं रेषा आखत होतं, आणि तो चुनकट वास नाकात शिरताच माझ्या डोक्यात जुनी तिडीक उठली. कॉलेजच्या बास्केटबॉल संघात सगळ्यात उंच मी, म्हणून सरांनी मला कायम रिंगखाली उभं केलेलं. घरी मात्र फणसाच्या झाडाला फुटक्या बादलीचं कडं ठोकून मी लांबूनच नेम धरायला शिकलो होतो. एका सामन्यात शेवटी आम्ही दोन गुणांनी मागे होतो, लाल धुरळा घशात जात होता, रिंगखाली तिघं मला चेपून उभे होते. मी सरळ तीन गुणांच्या रेषेबाहेर आलो, चेंडू मागितला आणि तिथूनच मारला. आत! पोरं नाचायला लागली, आणि सरांनी मला तिथल्या तिथं बाहेर काढलं. "बांबूवानी वाढलायस, अन् लांबनं मारतोस व्हय?" मी म्हटलं, "सर, पडला की!" "पडला म्हणून काय झालं? तुझी जागा खाली हाय!" आमचा बुटका कॅप्टन त्याच रेषेवरून सकाळपासून नेम चुकवत होता, त्याला मात्र "असू दे, परत मार" असा धीर. मी बाहेर बसलो, रिंगखाली अडवायला कुणी उंच उरला नाही, समोरच्यांनी तिथूनच चेंडू टाकला आणि आम्ही एका गुणानं हरलो. दोष माझ्यावर आला, मी जागा सोडली म्हणून! आणि आता गेल्या आठवड्यात त्याच सरांनी आमच्या जुन्या ग्रुपवर व्हिडिओ टाकलाय: कुणी परदेशी ताडमाड खेळाडू रेषेबाहेरून धडाधड तीन-तीन गुण मारतोय, आणि खाली सरांनी लिहिलंय, "मी तुम्हाला हेच शिकवत होतो."