टाचेवरची पांढरी पट्टी

बसल्या बसल्या पाय हलवणाऱ्या माणसाच्या घरात पैसा टिकत नाही, असं माझी आई म्हणायची. माझ्या घरात तो टिकला नाही हे खरं, पण त्याचं खापर पायावर फोडण्यात अर्थ नाही. मी आयुष्यभर रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवली, एवढं कारण पुरे.

बँडमध्ये आम्ही चौघं: गाणारा, लीड गिटारवाला, ड्रमवाला आणि मी. चौघंही मुंबईत वाढलेले, आणि लग्नं झाल्यावर जागा परवडते म्हणून एकामागोमाग एक मीरा रोडला आलेले. शांती नगरातल्या ड्रमवाल्याच्या फ्लॅटमध्ये तालीम करायला शेजारी देईनात, तेव्हा शेजारच्या भाईंदरला, मुर्धा गावात खाडीजवळ एका मावशींची मागची खोली मिळाली. "वाजवा रं, मला काय तरास न्हाय," त्या म्हणाल्या, "पन अंगनात सुकट वाळत हाय, तिच्यावर पाय न्हाय द्यायचा." त्यानंतर आमच्या संगीताला इतका समजूतदार श्रोता भाईंदरात भेटला नाही.

बाहेर मात्र आम्हाला मान होता. शिलाँग, दिमापूर, मणिपाल, कॉलेजांचे महोत्सव. ड्रमच्या पेट्या सीटखाली, झांजा ब्लँकेटमध्ये गुंडाळून उशाशी, आणि दोन-दोन दिवस शिळ्या पुऱ्या. तिकडची पोरं आमच्याबरोबर शब्दन् शब्द गायची. परत आलो की इथला इस्त्रीवाला पेट्या बघून विचारायचा, "शादी में बजाते हो क्या?" गाणारा चिडायचा. मला वाटायचं, हो म्हणावं, निदान जेवण तरी बरं मिळेल.

ड्रमवाला माझा जवळचा. आम्ही तिघांनी नोकऱ्या घट्ट धरून बँड केला, रजा घेऊन, साहेबाला थापा मारून. त्याने एकट्याने नोकरी सोडली. असा माणूस शहाणा की वेडा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याच्याच कानांनी दगा दिला. शिलाँगच्या लॉजमध्ये मी पाठीमागून चहासाठी हाका मारत राहिलो आणि तो बॅग भरत राहिला. मी खांद्याला हात लावला तेव्हा दचकला, आणि मग खाटेवर बसून सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं होतं, पण ते लावून ड्रम वाजवला की डोक्यात पत्रे कोसळतात. म्हणून स्टेजवर तो ते काढून खिशात ठेवत होता.

"ह्याला बोलू नकोस," तो म्हणाला. हा म्हणजे गाणारा. "त्याला कळलं तर मला काढेल. काढायलाच हवं म्हणा. पण मग मी काय करू? मला दुसरं काही येत नाही रे."

मला त्याचा राग आला, कानांचा आला, आणि इतकी वर्षं स्पीकरचा आवाज वाढव म्हणणाऱ्या आम्हा सगळ्यांचा आला. पण उपाय माझ्या पायात होता. वाजवताना माझी उजवी टाच ठोक्यावर पडते, ती सवय मोडता मोडत नाही. मी बुटाच्या टाचेवर पांढरी चिकटपट्टी लावली आणि त्याच्या बरोबर पुढ्यात उभा राहू लागलो. तो मान खाली घालून टाच बघायचा आणि वाजवायचा. अंगात ताल मुरलेला, त्याला फक्त कुठे धरायचं ते दिसायला हवं होतं. गाणारा मला दर कार्यक्रमाला झापायचा, "पुढे ये ना, ड्रमला काय चिकटलायस?" मी म्हणायचो, "पुढे तू आहेस, तेवढं लोकांना बास."

दौऱ्याआधी आमची गुपचूप तालीम त्याच्या घरी व्हायची. मी सोफ्यावर बसून पाय हलवायचो, तो खुर्चीच्या हातावर बोटं वाजवायचा. आवाज काही नाही. वहिनी चहा घेऊन आल्या की ओरडायच्या, "भावजी, पाय नका हो हलवू! दळिद्र येतं घरात." तो मला डोळा मारायचा. असं आम्ही कितीतरी वर्षं निभावलं.

मग गेल्या हिवाळ्यात भाईंदरातल्या इंद्रलोक भागाच्या सोसायट्यांनी मिळून मैदानात कार्यक्रम ठेवला आणि आम्हाला बोलावलं. अख्खा देश पालथा घातल्यावर गावाने हाक मारली होती. चौघंही हरखलो. ड्रमवाल्याने नवा शर्ट शिवला. वहिनी पहिल्या रांगेत बसल्या. त्यांनी त्याला स्टेजवर कधी बघितलंच नव्हतं.

गाणाऱ्याची एक जुनी हौस होती, स्टेजवर धूर. परदेशी बँडच्या व्हिडिओत असतो तसा. मांडववाला लग्नाची कामं करणारा, नवरा-नवरी येताना पायाखाली ढग सोडणारा. गाणाऱ्याने त्याला गाठलं आणि आम्हाला गंमत म्हणून काही सांगितलं नाही.

पहिली गाणी झकास झाली. शेवटचं, आमचं सगळ्यात मोठं गाणं सुरू झालं आणि दोन्ही बाजूंनी पांढरा ढग स्टेजवर पसरला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी खाली पाहिलं. गुडघ्याखाली मला पाय नव्हते.

ठोका सरकायला लागला. मी पाय गुडघ्यातून वर उचलून आपटायला लागलो. या वयात, या गुडघ्यांनी. लोकांना वाटलं, काका नाचतायत. हशा झाला, मोबाईल वर झाले. गाणाऱ्याने मागे वळून माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पिऊन आलोय. ओढत-ढकलत गाणं संपलं. आम्ही तिघं थांबलो.

तो थांबला नाही. मान खाली घालून, धुरात माझी टाच शोधत तो वाजवत राहिला, जोरजोरात, कुठलंसं गाणं, जे फक्त त्याच्या डोक्यात चालू होतं. लोक ताल धरून टाळ्या वाजवू लागले. त्यांना वाटलं, हा त्याचा खास तुकडा. गाणाऱ्याचा चेहरा उतरत गेला. त्याला सगळं समजलं होतं. मी मागे गेलो आणि थरथरणारी झांज तळव्याने दाबून धरली. त्याने वर पाहिलं. आधी माझा हात, मग त्या दोघांचे मोकळे हात, मग समोर उभं राहून टाळ्या वाजवणारं मैदान. वहिनीही उभ्या होत्या, रडत होत्या, कौतुकाने. त्याने शर्टाच्या खिशातलं मशीन चाचपलं आणि तसंच ठेवलं.

रिक्षात बसल्यावर त्याने ते कानात घातलं. "केव्हा थांबलात तुम्ही?" त्याने विचारलं.

"आत्ताच. जरासं पुढेमागे."

"खोटं बोलू नकोस."

मी रिक्षावाल्याला पुढून डावीकडे घ्यायला सांगितलं. माझ्याजवळ खरं बोलायची ताकद नव्हती.

गाणारा वाईट वागला असता तर मला शिव्या तरी घालता आल्या असत्या. तो दुसऱ्याच दिवशी ड्रमवाल्याच्या घरी जाऊन त्याच्याजवळ बसला, धुरासाठी माफी मागितली. ड्रमवाल्याने ड्रम विकायला काढले. आता आमच्याबरोबर एक नवीन मुलगा वाजवतो, कानातल्या इअरफोनमध्ये ठोका ऐकून. चांगला आहे. माझ्या टाचेकडे त्याचं लक्षही जात नाही.

मी अजून शांती नगरला ड्रमवाल्याच्या घरी जातो. तो खुर्चीत बसून असतो, समोर टीव्ही आवाज बंद करून चालू. मशीन कपाटात असतं. हात मांडीवर उलटे पडलेले. मागच्या रविवारी मी असाच बसलो होतो, पाय जमिनीवर टेकवून, नीट, त्या घराचा नियम पाळून. वहिनी चहा घेऊन आल्या, कप ठेवला आणि जरा वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

"भावजी," त्या म्हणाल्या, "पाय हलवा ना जरा."

मी पाय हलवायला लागलो. आमचं मोठं गाणं, सुरुवातीपासून. त्याची नजर टीव्हीवरून खाली आली आणि माझ्या टाचेवर थांबली. बराच वेळ तो बघत राहिला. वहिनी त्याच्या बोटांकडे बघत होत्या.

मग त्याने हात उचलला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला. हलकेच दाबला, थरथरणारी झांज गप्प करावी तसा. पाय थांबला. वहिनी आत गेल्या.