मामाची नजर आणि मामीची भिंत

गवंडीमामा कुणाचाच सख्खा मामा नव्हता. त्याला बहीणच नव्हती. पण कुठल्याही गल्लीत वीट रचायला बसला की येणारीजाणारी पोरं मामा म्हणायची, मग त्यांच्या आया म्हणायच्या, आणि असं करत करत तो सगळ्यांचा मामा झाला.

त्याची नजर अशी, की लांबून चालत येतानाच म्हणायचा, "ती खिडकी डाव्या अंगाला झोपलीय." दोरी लावून बघावं तर खरंच कललेली. दोरीला लोंबणारा पितळी लोळा, म्हणजे ओळंबा, त्याच्याही पिशवीत असायचा. पण पोलिसाच्या काठीसारखा. काढायचा नाही, नुसता असू द्यायचा. "ओळंबा आंधळ्यांसाठी," असं तो जोडीदाराला ऐकवायचा.

जोडीदार बुटक्या. नावानं बुटका आणि अंगानंही. वरच्या थराला हात पुरत नसे म्हणून तो खालचं काम करी आणि खालूनच वरच्याला नावं ठेवी.

मामीचं आयुष्यात एकच मागणं होतं. घरामागं स्वयंपाकाची एक पक्की खोली. लग्न होऊन आल्यापासून ती पत्र्याच्या आडोशाला बसून धूर खात होती.

"जगाची घरं बांधलीत, आपल्या घराला पाठ नाही," ती म्हणायची.

"होईल की."

"तुमचं 'होईल' ऐकून केस पांढरे झाले माझे."

"ते धुरानं झाले."

मग एका सकाळी मामा अंथरुणातून उठला आणि जमीन त्याच्या पायाखालून निसटली. खाटेचा पाय धरून बसला, पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकला. घर गरगरायचं थांबलं तेव्हा कितीतरी आठवडे गेले होते. गरगर गेली, पण जाताना काहीतरी सोबत घेऊन गेली. दार तिरकं, खांब तिरका, समोरून येणारा माणूस उतारावरून आल्यासारखा.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. कानाच्या आत, पार खोल, बारीक खड्यांचा एक थर असतो. डोकं कललं की खडे सरकतात, आणि वर कुठं, खाली कुठं ते मेंदूला कळतं. डोळे नुसते बघतात. बघितलेलं उभं की आडवं, हे ठरवताना मेंदू कानालाही विचारतो. मामाचा एक कान चुकीचं सांगत होता.

"म्हणजे आतला ओळंबा बिघडला?" मामानं विचारलं.

"तसंच समजा."

"मग नीट कधी होणार?"

"बऱ्याच जणांचा मेंदू हळूहळू सांभाळून घेतो. काहींचा नाही घेत."

बाहेर आल्यावर मामा मामीला म्हणाला, "जन्मभर वाळू उपसली, आणि कमी पडली ती कानातली." मामी हसली नाही.

त्याला कुणी कामाला बोलवेना. म्हणून त्यानं मामीची खोली बांधायला काढली. बुटक्या तेव्हा दुसऱ्या कामावर होता. मामी विटा देत होती, मामा रचत होता. थापी हातात आली तसा चेहरा पहिल्यासारखा झाला त्याचा. भिंत कमरेपर्यंत आली तेव्हा मामी म्हणाली, "अहो, ही जरा..."

"तू भाजी चिर."

ती विळी घेऊन बसली. इतक्या वर्षांनी भिंत उठत होती. पुढं बोलायला तिचंही मन धजलं नाही.

खांद्यापर्यंत आली त्या दिवशी बुटक्या आला. आल्या आल्या टोमणा मारायची त्याची सवय. त्या दिवशी तोंडच उघडेना.

"काय बघतोस?"

"मान वाकडी करून बघावं की सरळ ठेवून, ते ठरवतोय," बुटक्या म्हणाला. मग मामाच्याच पिशवीतून ओळंबा काढून त्यानं भिंतीवरून सोडला. दोरी वर विटेला टेकलेली, आणि खाली लोळा भिंतीपासून वीतभर लांब.

मामानं बघितलं. त्याला भिंत सरळ दिसत होती आणि दोरी तिरकी.

"वारा आहे," तो म्हणाला.

झाडाचं पान हलत नव्हतं. त्यानं स्वतः पुढं होऊन दोन बोटांत लोळा धरला, स्थिर केला, हलकेच सोडला. त्याला तो तिरकाच दिसला.

"मामा, दोरी खोटं कशाला बोलेल? तिला काय गरज?"

मामानं मामीकडं परातभर पाणी मागितलं. फरशीवर परात ठेवली, पाणी ठरू दिलं. त्याच्या डोळ्यांना पाणी एका काठावर चढलेलं दिसलं, आता सांडेल असं. त्यानं एका काठाला बोट बुडवलं, मग दुसऱ्या काठाला. दोन्हीकडं बोटाच्या एकाच पेरापर्यंत ओलं. पुन्हा बुडवलं.

"पाणीसुद्धा दोरीच्याच बाजूनं," तो म्हणाला.

भिंत त्यानंच पाडली. बुटक्याला हात लावू दिला नाही. मग दोघांनी नव्यानं धरली. बुटक्या दोरीपाशी आणि मामा विटेपाशी. ओळंबा आंधळ्यांसाठी म्हणणारा मामा आंधळ्यासारखा विचारायचा, "आता?" बुटक्या म्हणायचा, "पुढं. अजून. बास." दर विटेला मामाचा हात ती मागं सारायला बघायचा, आणि दर विटेला तो हात आवरायचा. बुटक्यानं सबंध कामात एकही टोमणा मारला नाही. मामाला ते जास्त लागलं.

खोली झाली. वर छप्पर, धूर जायला खिडकी. शेजारच्या बायका बघून गेल्या. भिंत कशी रेघ मारल्यासारखी, म्हणाल्या. मामी पहिल्यांदा आत बसली तेव्हा तिनं उगाचच पदर सारखा केला.

मामाला मात्र दिसत होतं की भिंत मामीच्या डोक्यावर येतेय.

तो पुढच्या खोलीतच जेवू लागला.

"सगळे म्हणतात सरळ आहे," मामी म्हणाली.

"मलाही माहीत आहे सरळ आहे."

"मग बसा की आत."

तो बसायचा. दोन घास खायचा. नजर वर जायची, आणि कळायच्या आत तो मामीचा दंड धरून तिला ओढायचा. एकदा त्यात उकळतं भांडं लवंडलं, तिच्या पायाला चटका बसला.

"इतकी वर्षं धुरात बसले तेव्हा नाही ओढलंत," ती म्हणाली.

डोळे मिटून बसा, असंही तिनं सुचवून बघितलं. डोळे मिटले की तो स्वतःच कलंडायचा. माहीत असणं डोक्यात होतं. पाय आणि हात दुसऱ्याच मालकाचं ऐकत होते. बुटक्यानं बाहेर कामावर नेलं तरी लोक म्हणायचे, "मामा, तुम्ही माल कालवा." तो कालवायचा, घमेली वाहायचा. वर, भिंतीकडं, बघायचा नाही.

एका संध्याकाळी मामी चुलीवर भाजी ठेवून पाणी आणायला गेली. परत आली तर मामा आत, भिंतीला पाठ लावून, पाय जमिनीत रोवून उभा. मानेच्या शिरा ताणलेल्या, कपाळावर घाम.

ती दारात थांबली. मग कळशी खाली ठेवून चुलीपाशी येऊन बसली.

"अहो, सोडा. राहील ती उभी."

"माहीत आहे," मामा म्हणाला. "तुझी भाजी होऊ दे, मग सोडतो."

मामीनं जाळ वाढवला.